साक्ष नको, सवय सांगा: रोजच्या उपकारस्तुतीचे अनुभव

जय ख्रिस्त.

आमच्या देवळात उपासनेनंतर साक्षीला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सर्वांसमोर सांगायला, वेळ देतात. उठतं कोण? ज्याला नोकरी लागली, जिची गाठ साधी निघाली, ज्याच्या मुलाला व्हिसा मिळाला. आनंदच आहे. पण मागच्या बाकावरच्यांच्या घरीही रोज प्रार्थना होते, तिच्याबद्दल कधी काही ऐकू येत नाही. म्हणून विचारते. मोठी साक्ष नको. सोमवारी सकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजताना तुम्ही देवाचे उपकार कसे मानता, ते सांगा. जमत नसेल तर तेही सांगा.

मी सुरुवात करते. माझी आजी पुण्यात पंचहौदापाशी राहायची, पवित्र नाम देवालयाच्या घंटा घरात ऐकू येतील इतक्या जवळ. नळाखाली पहिली कळशी लावताना ती म्हणायची, "बापा, तुझे उपकार." रोज. आम्हा पोरांना हसू यायचं, पाणी काय येणारच होतं. एकदा तिनेच सांगितलं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं. तिच्या गल्लीत पूर शिरला नाही, पण पूर ओसरल्यावर नळही कोरडे राहिले. शहराला पाणी देणारं धरणच गेलं होतं. ज्या वस्तीचं नाव पाच हौदांवरून पडलं, तिथल्या बायका हंडे घेऊन विहिरी शोधत हिंडल्या. त्यानंतर नळाची धार आजीने कधी गृहीत धरली नाही.

मी वानवडीत नवव्या मजल्यावर राहते. मला आजी आठवते ती सोसायटीत टँकर यायला लागले की. म्हणजे सवय मलाही लागलेली नाहीच.

येरवडा. खराडीत नोकरी, वय २९

मी बाइकवर प्रार्थना करतो. डोळे उघडे ठेवून, घाबरू नका. नियम असा की लाल सिग्नल लागला की एक उपकार मानायचा आणि एक मागणं मागायचं. नगर रोडवरून जाणाऱ्याने प्रार्थनेला वेळ मिळत नाही असं म्हणूच नये.

गंमत पुढच्या नियमात आहे. आठवड्यात एक गोष्ट दोनदा म्हणायची नाही. सोमवारी "कुटुंबासाठी", "आरोग्यासाठी" म्हणून मोकळं होता येतं. गुरुवारपर्यंत हे सगळं संपतं. मग आईने लोणच्याची फोड वेगळ्या डबीत दिली, पोळीला तेल लागलं नाही, इथवर उतरावं लागतं. मला वाटतं खरी प्रार्थना गुरुवारी सुरू होते.

कोंढवा. निवृत्त नर्स

बायबलात लूकच्या शुभवर्तमानाचा १७ वा अध्याय. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, उपकार मानायला एकच परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांना परका. उपदेशात उरलेल्या नऊ जणांना दरवर्षी बोलणी बसतात. मी कुष्ठरुग्णांमध्ये नोकरी केली आहे. मला त्या नऊ जणांचा राग येत नाही. येशूनेच त्यांना याजकाकडे जाऊन दाखवा म्हणून पाठवलं होतं. शुद्ध असल्याचा निर्वाळा मिळाल्याशिवाय घरात घेणार कोण? कित्येक वर्षं लेकराला हात न लावलेला माणूस आधी घराकडेच पळणार.

१९८० च्या दशकात बहुऔषधी उपचार आले आणि माणसं खरोखर बरी व्हायला लागली. कागदावर. आमच्याकडचा एक जण बरा होऊन गावी गेला आणि चौथ्या दिवशी पिशवी घेऊन परत आला. भावाने त्याची खाट गोठ्यात टाकली होती. आम्ही त्याला काय सांगणार, दहातला एक हो म्हणून?

सवय विचारलीत ना. कुष्ठरोगात पाय बधिर होतात. खिळा घुसला तरी कळत नाही, जखम चिघळते, बोटं जातात. म्हणून रुग्णाला शिकवायचो की संध्याकाळी पाय पाण्यात भिजव, तेल लाव आणि तळवा डोळ्यांनी बघ. दुखत नाही म्हणून सोडू नकोस, दुखत नाही म्हणूनच बघ. नोकरी सुटल्यावर मी माझ्या दिवसाचं तसंच करते. दिवे मालवले की सकाळपासून एकेक तास उलटून बघते. कोण काय बोललं, कुणी जिन्यात पिशवी धरली, मी कुणावर खेकसले. जे जाणवेनासं झालं आहे ते बघून घ्यायचं. पंधरा मिनिटं लागतात. कधी मध्येच झोप लागते.

नाना पेठ. कॅथलिक, छापखान्याचा व्यवसाय

वर नर्सबाईंनी लिहिलं आहे त्याला आमच्याकडे अंतःपरीक्षण म्हणतात. १६ व्या शतकात संत इग्नेशियस लोयोलांनी त्याचे पाच टप्पे घालून दिले. लोक चुकतात ते पहिल्याच टप्प्यावर. मीही वीस वर्षं चुकलो. डोळे मिटले की थेट पापांची यादी. पुण्यातच रामवाडीला एका एकांत साधनेत फादर म्हणाले, क्रम उलटा लावलाय. आधी मिळालेल्या दानांबद्दल देवाचे उपकार, मग त्याच्याकडे प्रकाश मागायचा, मग दिवसाची उजळणी, मग क्षमा, शेवटी उद्याचा निश्चय. आधी जमेची बाजू लिहा म्हणाले. धंदेवाल्याला ही भाषा लगेच कळली.

माझी आजी हे काही जाणत नव्हती. सिटी चर्चच्या, म्हणजे आमच्या १७९२ सालच्या पेशवाईतल्या देवळाच्या आवारात बसून जपमाळ ओढायची आणि मण्यागणिक गल्लीतल्या एकेका घराचं नाव घ्यायची. ज्यांच्याशी भांडण, त्यांचं नाव मोठ्याने.

धानोरी. शिक्षिका

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

एप्रिल २०२१ मध्ये माझे मिस्टर गेले. अठरा दिवस रुग्णालयात होते, मी शेवटचं बघितलं ते फोनच्या पडद्यावर. नंतर मंडळीतले लोक भेटायला यायचे आणि बायबलातल्या थेस्सलनीकाकरांस पत्रातलं वचन सांगायचे: "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा." मनाने चांगलीच माणसं सगळी. पण मी जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा बंद केली. ताट पुढे घ्यायचं आणि खायचं. किंवा नाही खायचं.

एक वयस्कर पाळकबाई आल्या. त्यांनी प्रार्थना केलीच नाही. स्तोत्र ८८ वाचलं आणि पुस्तक मिटलं. इतर विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, भरवशाची एखादी ओळ येते. हे वळत नाही. अंधारातच संपतं. मी विचारलं, हे शास्त्रात आहे? त्या म्हणाल्या, आहे, आणि ज्यांनी ठेवलं त्यांनी विचार करूनच ठेवलं असणार. पुढचे सात-आठ महिने माझी प्रार्थना म्हणजे ते एक स्तोत्र होतं.

मग कधीतरी, बहुतेक पेपर तपासताना, मला ते वचन पुन्हा दिसलं. मी मराठी शिकवते, विभक्ती माझ्या पोटापाण्याचा विषय. "स्थितीत" आहे, "स्थितीबद्दल" नाही. सप्तमी आहे. त्या एप्रिलबद्दल उपकार मानायला मला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या एप्रिलमध्ये उभं राहून कशाबद्दल मानता आले तर मान, एवढंच. मग वहीत लिहायला लागले. बँकेत नाव बदलायला दीर दिवसभर सोबत बसले. शेजारच्या काकूंनी दाराला अडकवलेल्या पिशवीत मेथीचे ठेपले होते. दिवसाला एकच ओळ. त्या एप्रिलबद्दल मी अजूनही आभार मानलेले नाहीत, मानणारही नाही.

पिंपरी

ताई, दुखवायचं नाही, पण इफिसकरांस पत्रात, ५:२० मध्ये, सगळ्याबद्दल सर्वकाळ उपकार मानायला सांगितलं आहे. तिथे सप्तमीने काम भागत नाही.

धानोरी

माहीत आहे, भाऊ. त्या ओळीपाशी मी थांबले आहे. ओलांडून पुढे गेलेली नाही.

कॅम्प. निवृत्त मुख्याध्यापक

या दोघांच्या मध्ये पडायचं धाडस करतो. प्रभुभोजनाला ग्रीकमध्ये युखारिस्तिया म्हणतात, म्हणजे उपकारस्तुतीच. आणि प्रेषित पौल ती केव्हाची सांगतो? ज्या रात्री प्रभूला धरून देण्यात आलं, त्या रात्रीची. प्रभूने भाकर घेतली, उपकार मानले आणि मोडली. तासाभराने गेथशेमाने बागेत तोच म्हणतो, हा दुःखाचा प्याला टळून जावो. एकाच रात्री दोन्ही. मी चाळीस वर्षं ते शब्द ऐकतो आहे, तरी दोन्ही एका मुठीत धरायला मला जमलेलं नाही.

दुसरं, सवयीबद्दल. शाळेत असताना मी मुलांना घेऊन केडगावला मुक्ती मिशनला जायचो. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातून वाचवलेल्या मुली पुण्याच्या त्यांच्याच शारदा सदनात आणल्या आणि मग केडगावच्या माळरानावर वस्ती उभी केली. मुलांना मी एकच गोष्ट सांगायचो. रमाबाईंनी संस्कृताच्या पंडिता असूनही बायबल साध्या मराठीत आणायला घेतलं, साध्या बाईला कळावं म्हणून. थेट हिब्रू आणि ग्रीकवरून. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापण्याचं काम मुक्तीतल्या बायकांनी केलं. १९२२ मध्ये बाई वारल्या, संपूर्ण ग्रंथ १९२४ ला बाहेर आला. तेव्हा ज्या मुलीने सकाळी खिळे जुळवले, तिने त्या दिवशी प्रार्थना केली की काम केलं, हे मला सांगता येणार नाही.

हडपसर. पुरंदरला अंजिराची बाग

पाळकसाहेब बायबलातल्या हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय वाचतात तेव्हा सगळे माझ्याकडे बघतात. अंजिराचं झाड फुललं नाही, द्राक्षीला फळ नाही, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. एक सांगतो, अंजिराचं फूल तुम्हाला दिसणारच नाही. ते फळाच्या आत असतं. झाड कोणत्या विचारात आहे ते फळ धरेपर्यंत शेतकऱ्यालाही कळत नाही.

आमची जमीन दिवे घाटाच्या वर. माझे वडील तोडणीच्या पहिल्या दिवशी बांधावर टोपी काढून उभे राहायचे, दोन वाक्यं बोलायचे आणि मग कामाला हात. पहिली पाटी देवळात, हंगामाच्या सणाला. तिथे लिलाव होतो. एकेका भोपळ्यावर चढाओढ लागते, कोंबडी निसटते, पोरं तिच्या मागे.

एका वर्षी खट्ट्या बहाराला, म्हणजे अंजिराच्या दोन हंगामांपैकी एकाला, परतीच्या पावसाने धरलं. फळं उकलली, पानांवर तांबेरा रोग. गुलटेकडीच्या बाजाराला पाठवण्यासारखं काही उरलं नाही. मला वाटलं, या वर्षी सणाला जायला नको. वडिलांनी बांधावरच्या वाफ्यातली कोथिंबीर उपटली, चार जुड्या बांधल्या आणि नेल्या. लिलावात त्या चार जुड्या इतक्या वर गेल्या की मला खाली बघावं लागलं. घेणाऱ्यांना माहीत होतं. वडील मात्र शांत बसले होते, नेहमीच्या पाटीसारखेच.

माझं काय? मी बांधावर उभा राहतो, पण टोपी काढल्यावर मला आधी सोसायटीच्या कर्जाचा हप्ता आठवतो. हबक्कूकला पीककर्ज नव्हतं असं मी पाळकसाहेबांना म्हणालो होतो. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी बागेत आले, तासभर माझ्याबरोबर पिकल्या फळांचे देठ मोडत बसले आणि चिकाने हात खाजवत घरी गेले.

औंध. लग्नानंतर ख्रिस्ती घरात आलेली

माहेरी आम्ही जेवणाआधी श्लोक म्हणायचो, त्यामुळे थांबून जेवायची सवय होती. फक्त श्लोकाला शेवट ठरलेला असतो. सासऱ्यांच्या प्रार्थनेला नव्हता. वरण-भातावरून सुरू होऊन ती अमेरिकेतल्या नणंदेकडे जायची, तिथून सैनिकांकडे, मग आजारी असलेल्यांकडे नावानिशी. भजी गार.

मी धर्म बदललेला नाही आणि कुणी बदल म्हटलंही नाही. पण ते गेल्यावर पहिल्यांदा जेवायला बसलो तेव्हा सगळे गप्प. नवरा सुरूच करेना. मग मीच त्यांच्या क्रमाने सुरू केलं. वरण-भात, नणंद, सैनिक, आजारी माणसं. नावं मला सगळी पाठ होती.

खडकी. रात्रपाळी

आम्ही दोघं नवरा-बायको वेगवेगळ्या पाळीत. घरची प्रार्थना एकत्र होत नाही. फ्रिजवर कागद लावला आहे, तो सकाळी तिने लिहायचा, रात्री निघताना मी. काल तिने लिहिलं होतं: "गॅस आला." मी खाली लिहिलं: "आमेन."

येरवडा. पुन्हा मीच, बाइकवाला

आज गुंजन चौकापासून थेट खराडीपर्यंत सगळे सिग्नल हिरवे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ऑफिसला वीस मिनिटं आधी पोचलो आणि प्रार्थना एकही झाली नव्हती. मग पार्किंगमध्ये हेल्मेट घालूनच बसलो. वॉचमन येऊन विचारून गेला, साहेब, बरं वाटत नाही का?