लेबर कॅम्पचा 'त्रास' म्हणे!

शनिवारची_ताई: काल इथे एकांनी लिहिलं, 'सोसायटीमागचा लेबर कॅम्प हलवा, रात्री अकराला पोरं टँकरच्या पाइपखाली अंघोळीला दंगा घालतात.' राहवलं नाही. अकराला अंघोळ, कारण स्लॅब भरून सुटायलाच साडेदहा झाले. वाघोलीच्या एका साइटवर मी शिकवायला जाते. पोरगं सोळाचं, आधारवर एकोणीस. सिमेंटनं टाचा फुटलेल्या, पायात दोन रंगांच्या स्लिपर. बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार देत नाही, वर शेवटचा पगार दाबून ठेवतो. आणि 'हलवा' म्हणणाऱ्यांनी कोंढवा आठवावं. जून २०१९, सोसायटीचीच भिंत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली. १५ गेले.

सेंट्रिंगवाला: ताई, आठवड्यातून एकदा येऊन माया करणं सोपं असतं. छठला तिघं पंधरा-पंधरा हजार उचल घेऊन गेले, फोन बंद. पगार दाबू नको तर काय करू? माझं बिल बिल्डर चार महिने दाबतो, त्यावर काढा धागा.

भूमिपुत्र_पुणे: आधी स्थानिक पोरांना चाकणला लावा, मग यांचे लाड.

लातूर_एक्सप्रेस: स्थानिक म्हणजे कोण हो? मी लातूरचा, चाकणला ट्रेनी. बारा तास उभा, आणि ट्रेनी म्हटलं की दुप्पट ओव्हरटाइम विसरायचा. परराज्यातल्यांसाठी निदान वेगळा कायदा आहे, मी राज्यातलाच म्हणून तोही नाही. मोशीत कॉट बेसिसवर, एका खोलीत सात जण. मालक सदाशिव पेठेतले. डिपॉझिट मागितलं तर म्हणे भिंतीला तेलाचे डाग पडले.

पेठकर: पेठेचा इथे काय संबंध? आईनं तीस वर्षं कॉट बेसिसवर मुलं ठेवली. गीझर जाळला तो लातूरच्याच मुलानं.

लातूर_एक्सप्रेस: गीझर होता? नशीबवान.

पेठकर: सकाळी सात ते साडेसात चालू असायचा. पाटी लावली होती.

लातूर_एक्सप्रेस: शिफ्ट सहाची असते काका.

भूमिपुत्र_पुणे: धागा मजुरांचा की गीझरचा?

कलम_काका: वेगळा कायदा म्हणजे १९७९चा ना? तोही गेला. नोव्हेंबर २०२५पासून त्याच्या जागी नवी कामगार संहिता. पूर्वी परराज्यातले पाच मजूर असले तरी लागू व्हायचा, आता दहा लागतात. निम्म्या पगाराचा विस्थापन भत्ता उडाला, गावी जाण्यायेण्याचा खर्च तेवढा राहिला. ठेकेदारसाहेब, नऊच ठेवा, सुटलात.

सेंट्रिंगवाला: आठच आहेत. आणि तिकिटं मी कायदा न वाचताही काढून देतो. बरं ताई, दाखल्यावर सही करतो, रविवारी या. पगार मात्र दाबणार. आणि सोळाचं एकोणीस मी केलेलं नाही, पोरं गावाहूनच तसं करून येतात.

शनिवारची_ताई: आणि तुम्हाला ते दिसत नाही.

सेंट्रिंगवाला: दिसतं. परत पाठवलं तर शेजारच्या साइटवर उभं राहतं, तिथे माझ्याइतकंही कोणी बघत नाही.

पेठकर: गीझर साडेपाचलाही लावून दिला असता. कोणी विचारलंच नाही.