फ्री डिशचा जुना बॉक्स बंद पडला, नवा कोणता घ्यावा?

बार्शीकर: डीडी फ्री डिशचा एमपेग-२ (चित्र दाबून पाठवायची जुनी पद्धत; एमपेग-४ ही नवी) बॉक्स बंद पडला आहे. लाल दिवा लागतो, विझतो, परत लागतो. चित्र येत नाही. छत्री ६० सेंमीची, केबल साधारण १८ मीटर. टीव्ही २१ इंची ट्यूबचा, मागे फक्त पिवळी-पांढरी-लाल भोकं. पुढेमागे एलईडी घ्यायचा विचार आहे. दुकानात तीन पर्याय आहेत: स्वस्तातला एमपेग-२, एमपेग-४ एचडी, आणि तिसरा वायफायवाला, ज्यावर ‘सगळे पेड चॅनल फुकट’ असं सांगतात. शिवाय गच्चीवर डिश टीव्हीची जुनी छत्री पडून आहे, ती आतल्या खोलीतल्या टीव्हीसाठी वापरता येईल का?

छत्रीजोड: खरेदीआधी दहा मिनिटं खर्च करा. दिवा असा लुकलुकतो तेव्हा बॉक्स सुरू व्हायला बघतो आणि वीज कमी पडून परत बसतो. याची नेहमीची कारणं दोन. छत्रीकडून येणारी केबल बॉक्समधून काढा आणि बॉक्स नुसताच चालू करा. नीट सुरू झाला तर दोष केबलमध्ये किंवा एलएनबीत (छत्रीच्या दांडीवरचा, सिग्नल पकडणारा भाग) आहे. केबलच्या टोकाचा एफ कनेक्टर (आट्यांचा नट) उघडून बघा. जाळीची एखादी तार मधल्या तांब्याला टेकली असेल, किंवा पाणी शिरून तांबं हिरवं पडलं असेल. तेवढा तुकडा छाटून नवा कनेक्टर बसवा. मधली तार नटाच्या कडेबाहेर २-३ मिमी यायला हवी. कमी राहिली तर टेकत नाही, फार लांब ठेवली तर सॉकेटची पकड बिघडवते.

केबल काढूनही लुकलुकत असेल तर अडॅप्टर तपासा. नुसता मोजलात तर मरायला टेकलेला अडॅप्टरही १२ व्होल्ट दाखवतो. बॉक्सला जोडलेला असताना मल्टीमीटरने मोजा.

डेसिबल: बॉक्सच्या निवडीबद्दल. एमपेग-२ आता घेऊ नका, कितीही स्वस्त असो. प्रसार भारती एमपेग-२ आणि एमपेग-४ अशा दोन्ही प्रकारच्या चॅनल-जागांचा लिलाव करते, आणि एमपेग-४ वरची चॅनल जुन्या बॉक्सला उघडता येत नाहीत. चॅनल डीव्हीबी-एस२ या नव्या प्रसारण पद्धतीच्या वाहकावर (चॅनल वाहून आणणाऱ्या लहरीवर) असेल तर ते स्कॅनमध्ये येतच नाही. जुन्या डीव्हीबी-एस वाहकावर असेल तर नाव येतं, पण पडदा काळा राहतो. लोक मग छत्री हलवत बसतात आणि लागलेला सिग्नलही घालवतात.

खोक्यावर तीन गोष्टी वाचा: डीव्हीबी-एस२, एमपेग-४ (एच.२६४ लिहिलं असेल तर तेच), आणि मागे एचडीएमआय (एलईडी टीव्हीचं चपटं भोक) व एव्ही (तुमच्यासारखी पिवळी-पांढरी-लाल भोकं) दोन्ही. काही नव्या बॉक्सना फक्त एचडीएमआय असतं. तुमच्या ट्यूबच्या टीव्हीला तो थेट लावता येणार नाही. एच.२६५ (त्याहून नवी पद्धत) साठी जादा पैसे मोजू नका.

आयकॅस (चॅनल कुलूपबंद ठेवून अधिकृत बॉक्सवरच उघडणारी प्रणाली) असलेला अधिकृत बॉक्स थोडा महाग पडला तरी मी तोच सुचवेन. फ्री डिशसाठी प्रसार भारतीने ही देशी प्रणाली स्वीकारली आहे. उद्या चॅनल त्यावर गेली तर साध्या एफटीए (फक्त बिनकुलपाची चॅनल दाखवणाऱ्या) बॉक्सवर ती दिसणार नाहीत.

तिसरा पर्याय सोडाच. त्यात कुणाच्या तरी सर्व्हरवरून इंटरनेटने पेड चॅनलचं कुलूप उघडणाऱ्या किल्ल्या चोरून येतात. बेकायदा आहे, आणि सर्व्हर बंद झाला की पैसे बुडाले.

पिवळीपिन: डेसिबल यांच्या मुद्द्याला एक जोड. लहान बॉक्सना तीन भोकांऐवजी ३.५ मिमीचं एकच एव्ही भोक असतं. खोक्यातलीच वायर वापरा. बाहेरची घेतली आणि चित्राऐवजी घरघर आली तर बॉक्स परत करायला धावू नका. त्या पिनवरचा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो. टीव्हीच्या पिवळ्या भोकात आधी लाल, मग पांढरी पिन घालून बघा. बहुतेक वेळा एकीवर चित्र येतं. आणि मेन्यूत व्हिडिओ ‘पाल’वर (आपल्याकडची टीव्ही पद्धत) ठेवा, नाहीतर चित्र कृष्णधवल येतं किंवा सरकत राहतं.

छत्रीजोड: गच्चीवरच्या छत्रीचं. डिश टीव्हीचा उपग्रह ९५ अंश पूर्वेला, फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ ९३.५ ला. बार्शीहून तो बरोब्बर आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर. छत्री अजून जुन्या जागीच रोखलेली असेल तर मागे उभं राहून ती किंचित उजवीकडे आणि अंशभर वर घ्यायची. किंचित म्हणजे किती? ५ सेंमी जाडीच्या पाइपाच्या कडेवर जेमतेम १ मिमी. म्हणून आधी पाइपावर पेन्सिलीने खूण करा आणि नट पूर्ण सैल करू नका.

बॉक्सच्या मेन्यूत हे आकडे भरा: एलएनबी ९७५०/१०६००, फ्रिक्वेन्सी ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००. ‘स्ट्रेंग्थ’कडे बघू नका, एलएनबीला वीज मिळाली की तो पट्टा भरतोच. बघायचा तो ‘क्वालिटी’चा. तो स्थिरावला की एलएनबी खोबणीत सैल करून दोन्ही बाजूंना हळू फिरवा, सर्वांत जास्त आकड्यावर आवळा, आणि ११४७० वर पुन्हा खात्री करा.

बार्शीकर: केबल काढून पाहिलं, लुकलुक तशीच. अडॅप्टर नुसता ११.९ व्होल्ट, बॉक्सला जोडल्यावर ७ ते ९ मध्ये हलतो.

छत्रीजोड: मग बहुधा अडॅप्टरच, आतला कपॅसिटर सुकलेला. १२ व्होल्ट, दीड अँपियरचा दुसरा लावून बघा; मात्र बॉक्सवरही १२ च लिहिलंय आणि पिनेचा मधला भाग धन आहे, हे आधी वाचा. काही बॉक्स ५ व्होल्टचे असतात, त्यांना १२ दिले की जागीच जळतात. दुसऱ्यानेही व्होल्टेज असंच पडलं तर बॉक्सच आतून शॉर्ट आहे.

सुरू झाला तर जुना बॉक्स आतल्या खोलीत, गच्चीवरच्या छत्रीवर लावा आणि नवा एमपेग-४ पुढच्या खोलीतल्या टीव्हीला. नवा बॉक्स घेताना दुकानातच एव्हीवर चालवून घ्या.

डेसिबल: आणि वळवाचा गडगडाट सुरू झाला की प्लग काढून भागत नाही. छत्रीची केबलही बॉक्समधून काढा.