मदत हवी आहे: लोकशाही समाजवादावरची मार्क्सवादी टीका आणि आमची मुंडकाराची फाईल

नमस्कार मंडळी,

गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या गावात १८ जूनला, गोव्याच्या क्रांतिदिनी, वाचनालयात मला वरच्या विषयावर बोलायचंय. १९४६ साली याच दिवशी समाजवादी नेते डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात पोर्तुगीजांची बंदी मोडून सभा घेतली. समोर त्यांना मानणारी जुनी माणसं बसतील. टीका नीट मांडायची आहे, पण त्यांचं मन दुखवायचं नाही.

१८९९ मध्ये जर्मन समाजवादी बर्नस्टाइन म्हणाला, मताधिकार, संघटना, सहकार यांतून समाजवाद हळूहळू येईल. क्रांतिवादी मार्क्सवादी रोझा लक्झेंबर्गचं उत्तर असं, की नुसत्या सुधारणांनी भांडवलशाहीची डागडुजी होते, ती बदलत नाही. इथवर कळलं. पण आमचं घर आडवं येतं.

आम्ही मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर घर करून राहणारे. आजी सांगायची, भाटकाराचं बोलावणं आलं की चुलीवरचं उतरवून धावायचं. नाही म्हटलं तर खोप सोडायची. १९७५ च्या मुंडकार कायद्यानं ती धास्ती गेली. घर विकत घ्यायचा हक्कही मिळाला, पण तो अर्ज बाबांच्या हयातीत निकाली निघाला नाही. फाईलमधल्या टाचण्यांचा गंज कागदात उतरलाय. एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या हक्कनोंदीत) मालक अजून भाटकारच.

मग बरोबर कोण, बर्नस्टाइन की रोझा?

प्रतिसाद:

आजीची धास्ती गेली ही मोठीच गोष्ट, आणि रोझाही ती नाकारणार नाही. सुधारणेसाठी लढा हे साधन, असंच ती म्हणते. शिवाय भाटकारी हे सरंजामी नातं. ते भांडवलशाहीतही मोडू शकतं. तिचा खरा प्रश्न भांडवलाच्या मालकीचा. त्यासाठी स्वीडन घे. १९७६ मध्ये तिथल्या कामगार महासंघानं माइडनर योजना स्वीकारली: मोठ्या कंपन्यांनी दरवर्षी नफ्याच्या २० टक्के इतके नवे शेअर कामगारांच्या निधीला द्यायचे. १९८३ चा कायदा त्यामानानं फारच पातळ निघाला. १९९१ मध्ये सरकार बदललं आणि निधी गुंडाळले गेले.

तुझी फाईल मात्र लेनिनच्या मुद्द्याकडे जाते. निवडून आलात तरी राज्ययंत्रणा जुनीच राहते, हा तो मुद्दा. चिलीत समाजवादी आयेंदे १९७० मध्ये निवडून आले, १९७३ मध्ये लष्करानं त्यांना उलथवलं.

आणि लोहियांना निव्वळ मतपेटीवाले समजू नकोस. मत, फावडं आणि तुरुंग, तिन्ही हवीत असं ते सांगत. सभेतल्या जुन्या माणसांना विचार, मुंडकारांसाठी मतानंतरची ती दोन कुठे राहिली? फाईल सोबत ने.