जुनी चेतक, पंपाचं इंजिन आणि ब्रश कटर: भरवशाचा स्पार्क प्लग कोणता?

कापूरबावडी_१५०
तीन इंजिनांचे प्लग घ्यायचेत. पहिलं, १५० सीसी टू-स्ट्रोक चेतक स्कूटर, इलेक्ट्रॉनिक इग्निशनवाली. रोज ठाणे स्टेशन ते कासारवडवली. घोडबंदर रोडच्या गर्दीत प्लग काळा आणि ओला होतो, मग किक मारून मारून पाय दुखतो. दुसरं, सोसायटीतल्या पाण्याच्या पंपावरचं होंडा जीएक्स१६०. तिसरं, मुरबाडच्या शेतावरचा गवत कापायचा टू-स्ट्रोक ब्रश कटर, त्याच्या प्लगवर एल७टी लिहिलंय.
दुकानदार प्रत्येक वेळी वेगळी कंपनी पुढे करतात. तिन्हींना इरिडियम धातूच्या टोकाचे प्लग घालून मोकळं व्हावं का? आणि स्कूटरला एका नंबरने जास्त गरम प्लग चालेल का?

तुर्भे_कारागीर
कंपनी सगळ्यात शेवटी ठरवा. आधी आट्यांचा व्यास, आट्यांची लांबी, वॉशरची बैठक आहे की निमुळती, आणि उष्णतेचा नंबर (गरम प्लगचं टोक उष्णता धरून ठेवतं, थंड प्लगचं लवकर सोडतं), एवढं जुळलं पाहिजे. काउंटरवर फक्त व्यास बघून प्लग देतात, घोटाळा तिथेच होतो. तुमच्या तिन्ही इंजिनांना १४ मिमीचेच आटे आहेत, पण लांबी तिघांची वेगळी: चेतक १२.७, जीएक्स१६० १९ आणि ब्रश कटर ९.५ मिमी. लांब प्लग आखूड भोकात बसवला तर टोक पिस्टनवर आपटू शकतं. नाही आपटलं तरी आत डोकावणारे आटे तापून लाल होतात, त्यांच्यावर कार्बन बसतो आणि प्लग काढताना हेडचे आटे घेऊनच बाहेर येतो. उलट आखूड प्लग लांब भोकात घातला तर ठिणगी खोबणीत पडते आणि हेडचे उघडे आटे कार्बनने भरतात.

एनजीके कंपनीच्या नंबरांची भाषा सोपी आहे. बी म्हणजे १४ मिमी, सी १० आणि डी १२. पी म्हणजे चिनीमातीचं नाक पुढे आलेलं, आर म्हणजे आत रेझिस्टर (विजेला रोध करणारा भाग). आकड्यानंतर एच असेल तर १२.७ मिमी, ई असेल तर १९. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की गरम. म्हणून जीएक्स१६०ला एनजीके बीपीआर६ईएस लागतो, त्याच्या जागी बॉशचा डब्ल्यूआर७डीसी किंवा चॅम्पियनचा आरएन९वायसी चालतो. नुसता आकडा जुळवून दुसऱ्या कंपनीचा घेतला तर उलटंच होणार. गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट, ०.७ ते ०.८ मिमी ठेवा. पंपाचं काम एवढ्यावर झालं.

आता चेतक. गरम प्लग लगेच नको. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर गेलं की स्वतःवरचा कार्बन जाळतं. गर्दीत ते तेवढं तापत नाही हे खरं. पण रात्री मोकळा रस्ता मिळाला, गाडीवर दोघं बसले आणि फुल थ्रॉटल दिला की तोच गरम प्लग प्रमाणाबाहेर तापतो, ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनला भोक पडतं. ओला प्लग पाचशेच्या आत सुटतो, पिस्टनचं काम खिसा रिकामा करतं.

त्यामुळे आधी प्लग ओला का होतो ते शोधा. पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑइल लिटरला २० मिली, म्हणजे ५० ला १. "थोडं जास्त बरं" म्हणून ओतू नका. चोक पूर्ण परत जातो का, एअर फिल्टर तुंबलाय का, कार्ब्युरेटरची सुई झिजून तो ओव्हरफ्लो होतो का, हे पाहा. एवढं करूनही ओला होत असेल आणि गिअर ऑइलची पातळी कमी होत असेल तर क्लचच्या बाजूचं क्रँक ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी) गेलंय. इंजिन गिअरबॉक्समधलं तेल ओढून जाळतं, धूरही दाट पांढरट येतो. तिथे कुठलाच प्लग टिकणार नाही.

रंग बघायचा तर मोकळ्या रस्त्यावर एक-दोन किलोमीटर वेगात चालवा, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करा आणि प्लग काढा. सिग्नलला रखडत घरी आलेल्या गाडीचा प्लग फक्त आयडलिंगचा रंग दाखवतो. फिकट तपकिरी चांगला. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा आणि फोड आलेला म्हणजे हवा जास्त, तशी गाडी चालवू नका. ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुना कार्ब्युरेटर थोडा हवेकडे झुकतो, गरम प्लग टाळायचं तेही कारण आहे.

मुरबाडी_शिवार
दादा, एल७टीच्या जागी एनजीके बीपीएमआर७ए बसतो. आटे ९.५ मिमी, पाना १९चा. गॅप ०.५ ते ०.६. पण मशीनचं पुस्तक हाताशी असेल तर त्यातलाच नंबर घ्या. तुमचा टू-स्ट्रोक आहे म्हणून हे. होंडाच्या छोट्या फोर-स्ट्रोक जीएक्स३५ला १० मिमीचा सीएमआर५एच लागतो, तो यात बसणारच नाही.
पावसाळ्यानंतर मशीन ठेवताना टाकी रिकामी करा आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालू ठेवा. ई२० पाणी धरतं. पुढच्या हंगामात सुरू झालं नाही की लोक प्लग बदलत बसतात, आणि दोष कार्ब्युरेटरच्या तुंबलेल्या जाळीत असतो.

नेरूळ_नॉर्थ
इरिडियम वाईट नाही, त्याला ठिणगीसाठी व्होल्टेज कमी पुरतं. पण तेलाने तोही शॉर्ट होतो, आणि बारीक टोकाला ब्रश लावता येत नाही. तेल ओढणाऱ्या इंजिनात तो वाया जातो. साधा निकेलचा घ्या, एक जादा डिकीत ठेवा.

नकली माल फार आहे. खऱ्या प्लगचा वॉशर बोटाने फिरवला तरी सहज निघत नाही. आटे गुळगुळीत असतात, मधलं टोक बरोबर मध्यावर असतं. मल्टिमीटर असेल तर आर असलेल्या प्लगचं वरचं टोक ते मधलं इलेक्ट्रोड मोजा: काही किलो-ओहम, साधारण ५ च्या आसपास. शून्य आलं तर आत रेझिस्टर नाही, म्हणजे छापलेला आर खोटा.

प्लगच्या वरच्या टोकाचा नटही बघा. पंपाच्या कॅपला (प्लगवर बसणाऱ्या वायरच्या टोपीला) बहुतेक वेळा नट लागतो, बऱ्याच जुन्या दुचाकींच्या कॅपला तो काढून उघडे आटे लागतात. चुकलं तर कॅप सैल बसते आणि आतल्या आत ठिणगी उडते. बेलापूर-उरणकडच्या खारट दमट हवेत कॅपच्या रबरातूनही करंट पळतो. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून बघा, निळी रेघ दिसली तर कॅप बदला, प्लग नाही.

कापूरबावडी_१५०
गिअर ऑइलची पातळी कमीच आहे, आत्ता पाहिली. म्हणजे सील. तोवर जुना प्लग घासून वापरू का? आणि नवा किती आवळायचा?

तुर्भे_कारागीर
सील बदलेपर्यंत पेट्रोलने धुऊन वापरा. धुताना इंजिनापासून लांब, आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. तारेचा ब्रश चिनीमातीवर घासू नका, धातूची रेघ उमटते आणि त्याच रेघेवरून ठिणगी पळते. सँडब्लास्टही नको, आत अडकलेली रेती सिलिंडरमध्ये पडते.

काढताना हेड थंड हवं आणि प्लगभोवतीची माती आधी फुंकून घ्या. बसवताना पहिले आटे बोटानेच लावा, अडलं तर परत काढा, जोर नको. वॉशर हेडला टेकल्यावर नवा प्लग पान्याने अर्धा फेरा, वापरलेला असेल तर फेऱ्याचा बारावा भागच. टॉर्क पाना असेल तर १४ मिमीला ॲल्युमिनियम हेडवर २५ न्यूटन-मीटर. आट्यांना ग्रीस लावू नका, त्याने प्लग ठरल्यापेक्षा जास्त आवळला जातो. चेतकची गॅप ०.६, फिलर गेजनेच मोजा.