मुलीचा एनसीसीचा युनिफॉर्म: शर्ट, बेरे आणि अंबाडा नीट कसा बसवायचा?

बार्शीचा_बाबा
नमस्कार. मुलगी एफवायला आहे, यंदा एनसीसीच्या सीनियर विंगला (कॉलेजच्या मुलींचा विभाग) निवडली गेली. आमच्या घरात फौजेतलं कुणीच नाही, त्यामुळे विचारायचं कुणाला कळत नाही. खाकी शर्ट-पँट तयार घेतली, तर शर्टाचे खांदे दंडावर उतरले. इथल्या टेलरनं छातीवर दोन टक्स घालून दिले, आता खिसे वाकडे दिसतात. पहिल्या परेडला अंबाड्यामुळे बेरे (ती गोल, चपटी टोपी) मागून उचलली गेली, तर तिला ओळीतून बाहेर काढलं. त्या दिवशी घरी येऊन पोर जेवलीच नाही. पंधरा दिवसांनी दहा दिवसांचा कॅम्प आहे. मध्ये मावशीचं लग्न आहे, मेंदी काढली तर चालेल का? आणि बाजारात मिळतं तसलं ठिपक्यांच्या छापाचं आर्मी जॅकेट तिला हवंय, घेऊ का?

कॅडेट_तिसरं_वर्ष
काका, मेंदी नकोच. टर्नआउटच्या, म्हणजे नीटनेटकेपणाच्या, तपासणीला हातही पाहतात, नखंही. आमच्याकडे बांगड्या, नेलपेंट, टिकली काहीच चालत नाही. अंबाडा उंच बांधलाय, म्हणून बेरे उचलली जाते. तो खाली मानेजवळ बांधायचा, पण कॉलरला टेकता कामा नये. काळी जाळी आणि केसांचे काळेच आकडे लावा. बेरेचा पट्टा अंबाड्याच्या वरून गेला पाहिजे.

सुईदोरा_सातारा
दादा, मी स्वतः सीनियर विंगची कॅडेट होते, एनसीसीची सर्वांत वरची परीक्षा, सी सर्टिफिकेट, केली. आता वीस वर्षं साताऱ्यात शिवणकाम करते, त्यात निम्म्या गिऱ्हाईक एनसीसीच्या आणि भरतीच्या मुली. त्यामुळे तुमचा शर्ट न बघताही काय झालंय ते कळतंय.

तयार शर्ट मुलांच्या मापावर कापलेला असतो. खांदा रुंद, कंबर सरळ, आणि छातीला जागा हवी तिथे दोन खिसे. टेलर पुढून टक्स घालतो, तो टक्स खिशाखाली जाऊन कापड ओढतो आणि खिशाचा फ्लॅप एका बाजूनं वर येतो. नावाची पट्टी उजव्या खिशाच्या वर असते, तीही तिरकी होते. एवढी तिरकी पट्टी उस्तादांच्या (परेड शिकवणाऱ्यांच्या) नजरेतून सुटत नाही, आणि त्यात पोरीचा काही दोष नसतो. ते टक्स उसवायला सांगा. कापड कमी करायचं ते बगलेच्या शिवणीतून, आणि पाठीत दोन लांब टक्स घालून. पुढच्या भागाला कात्री लावायची नाही.

खांद्याला मात्र बाही काढूनच हात घालावा लागतो. शिवण खांद्याच्या हाडावर आली पाहिजे. ती खाली घसरली की खांद्यावरची एनसीसीची अक्षरं पुढे झुकतात आणि लॅनयार्ड (खांद्यावरची गोफाची दोरी) लोंबतो. काम अर्ध्या दिवसाचं आहे, कंटाळा करणाऱ्या टेलरकडे देऊ नका.

मापाला आलेल्या मुलीला मी आरशासमोर उभी करून तीनदा सॅल्यूट करायला लावते. हात वर गेला की शर्ट पँटमधून निघतो का ते बघायचं. निघत असेल तर खालचा घेर अपुरा, तेव्हा शर्ट घेतानाच लांब घ्यायचा. मग खुर्चीत बसवते. दुसऱ्या-तिसऱ्या बटणामध्ये फट पडली तर आतून एक टिचबटण लावते, बाहेरून दिसत नाही. ही फट पडते म्हणून छाती आत ओढून, खांदे पाडून चालणाऱ्या मुली मी पाहिल्यात. त्यांची ड्रिल त्या भीतीपायी बिघडते. एका टिचबटणाची गोष्ट आहे, पण दुकानात कुणी सांगत नाही. आतलं बनियन, ब्रा अंगाच्या रंगाची घ्या.

पँट कमरेवर, पार्श्वभागावर नाही. शर्टाची बटणपट्टी, बेल्टचं बकल आणि पँटची चेन एका रेषेत. पायघोळ बुटावर किंचित टेकेल एवढीच. टेरिकॉट असेल तर कांजी करू नका, ती बसत नाही. ओला रुमाल टाकून इस्त्री करा, नाहीतर कापड चकाकतं. जुन्या घडीशेजारी दुसरी घडी पडली तर ती पहिल्यापेक्षा वाईट दिसते.

आता बेरे. नवी बेरे ताटासारखी ताठ असते. कोमट पाण्यात भिजवा, पिळून डोक्यावर घालू द्या. पट्टा आडवा, भुवयांच्या वर साधारण दोन बोटं. बिल्ला डाव्या डोळ्यावर, त्यामागे लाल हॅकल, म्हणजे पिसांचा तुरा. कापड उजवीकडे ओढून कानाकडे चपटं बसवायचं आणि डोक्यावरच वाळू द्यायचं. हे अंबाडा घालूनच करा, नाहीतर वाळल्यावर माप बदलतं. हॅकल मात्र पाण्याआधी काढून ठेवा.

जॅकेट घेऊ नका. लष्करानं 15 जानेवारी 2022 ला जो नवा छाप आणला, त्याची नोंदणी लष्कराच्या नावावर आहे. माझ्याकडेही पोरी तो कापड घेऊन येतात, मी परत पाठवते. हा छाप अंगावर यायचा तर लष्करी अधिकारी घडवणाऱ्या चेन्नईच्या अकादमीतून किंवा खडकवासल्याच्या एनडीएतून यावा. तिला खुशाल सांगा, तो रस्ता मुलींना आता मोकळा आहे. खडकवासल्यातून मुलींची पहिली तुकडी मे 2025 मध्ये बाहेर पडली.

निवृत्त_ऑलिव्हग्रीन
ताईंनी टिचबटणाचं लिहिलं, वाचून बरं वाटलं. लष्करानं डॉक्टर-परिचारिकांखेरीज इतर शाखांत बायकांना घ्यायला सुरुवात केली 1992 मध्ये, माझी भरती त्यानंतरची. आम्हीही सेफ्टी पिना लावूनच परेडला गेलो. बाबा, एक भर घालते. कॅम्पला दोन जाळ्या, वीस आकडे आणि एक जादा टिचबटण सुई-दोऱ्यासकट डबीत द्या. पहाटे अंधारात आरसा मिळेलच असं नाही, तेव्हा अंबाडा आरशाशिवाय घालायची सवय घरीच होऊ द्या. आणि ओळीतून बाहेर काढलं म्हणून खचू देऊ नका तिला. चूक दाखवून देणं हे तिथलं रोजचं काम आहे, दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षातही नसतं.

बार्शीचा_बाबा
तिघींचे मनापासून आभार. टक्स उसवले. खांद्याचं काम गावातल्या एका जुन्या शिंप्याकडे दिलं, ताईंचा मजकूर मोबाइलवर वाचून दाखवला, त्यांनी लगेच बाही काढली. मेंदीचं मावशीला सांगितलं, ती म्हणाली लग्नात फुलं माळ.

ताई, एक विचारायचं राहिलं. बेरे दोन तास झाले डोक्यावर आहे, पोर तशीच जेवायला बसली. कडेला अजून ओल लागते. रात्री काढून ठेवली तर चालेल ना?

सुईदोरा_सातारा
चालेल. पण खुंटीला अडकवू नका, टोक पडतं. डोक्याएवढं पातेलं पालथं घाला आणि त्यावर ठेवा, उजवी बाजू खाली ओढून.