क्रूझवर निवांतपणा हवा आहे – कुठे उतरावं आणि कुठे उतरूच नये?

दुपारची झोप

नमस्कार मंडळी,

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कॅरिबियनमध्ये सात रात्रींची क्रूझ करायचं ठरतंय. ठरतंय म्हणजे, पैसे भरायची मुदत पुढच्या शुक्रवारी संपतेय आणि घरात अजून एकमत नाही. जाणार चौघं: मी, नवरा, चौदा वर्षांची लेक आणि माझी आई. आई ७१ वर्षांची आहे, एका गुडघ्याची वाटी बदललेली. सपाटीवर छान चालते. उंच पायऱ्या आल्या की थांबते, आणि थांबलीय हे आम्हाला कळू देत नाही.

या वेळी माझी अट एकच आहे. परत आल्यावर सुट्टीचा शीण काढायला वेगळी सुट्टी घ्यावी लागू नये.

असं का म्हणतेय ते सांगते. तीन वर्षांपूर्वी अशीच क्रूझ केली होती आणि हौसेने प्रत्येक बंदरात काही ना काही बुक केलं होतं. कोझुमेलला घेतले तुलूमचे माया अवशेष. सहलीच्या माहितीत 'साडेसात तास' लिहिलेलं. मी म्हटलं, वा, भरपूर वेळ मिळणार! कोझुमेल हे बेट आहे आणि तुलूम मुख्य भूमीवर, हे नकाशात बघायचं डोक्यातच आलं नाही. जहाजातून उतरून दुसऱ्या धक्क्यावर, तिथे रांग, मग पाऊण तास फेरीबोट. त्या दिवशी पाणी उसळत होतं. बोटीवरचा एक माणूस कागदी पिशव्या वाटत फिरत होता. आधी मला हसू आलं, दहा मिनिटांनी मीच हात पुढे केला. पुढे तासभर बस. प्रत्यक्ष अवशेषांपाशी जेमतेम दीड तास, तोही भर दुपारी, सावलीचा पत्ता नाही. आई एका दगडावर टेकली. शेजारी हातभर लांब इग्वाना ऊन खात पसरला होता. त्याच्याकडे बघत ती म्हणाली, "याचं बरं आहे, याला परत जायचं नाहीये." मग तेच सगळं उलट क्रमाने. जागा अप्रतिम आहे, निळ्याशार समुद्रावर कडा आणि कड्यावर ते दगडी बांधकाम, त्याबद्दल वाद नाही. पण त्या रात्री आम्ही न जेवता झोपलो.

आता समोर दोन पर्याय आहेत.

क) मायामीहून: ग्रँड केमन, रोआतान, बेलीझ सिटी, कोझुमेल. चार बंदरं, दोन दिवस पूर्ण समुद्रात.

ख) सान हुआनहून: सेंट मार्टिन, अँटिग्वा, सेंट लुशिया, बार्बाडोस, सेंट किट्स. पाच बंदरं, समुद्रात एकच दिवस.

नवरा म्हणतो 'क', कारण समुद्रातले दोन दिवस म्हणजे हक्काचा आराम. हिशेब बरोबर वाटतो. पण ग्रँड केमन आणि बेलीझला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, बाहेर उभं राहतं आणि टेंडरने, म्हणजे छोट्या बोटीने, किनाऱ्यावर नेतात असं वाचलं. मागच्या खेपेला एका ठिकाणी हा प्रकार झाला होता. जहाजाच्या पोटातलं दार उघडतं, बाहेर बोट वरखाली होत असते, दोन खलाशी दोन्ही दंडांना धरतात आणि बोट वर आली की म्हणतात, 'आता!' आईचा पाय पहिल्या 'आता'ला उचललाच नाही. दुसऱ्यालाही नाही. मागे ही रांग. चौथ्याला ती गेली, पण दिवसभर तिच्या डोक्यात परतीचा 'आता' होता.

तर मदत हवी आहे ती अशी: आरामाच्या दृष्टीने क की ख? प्रत्येक बंदरात दमवणार नाही असं काय करावं? आणि लेकीला सेंट मार्टिनच्या माहो बीचवर डोक्यावरून जाणारी विमानं बघायचीच आहेत. तिला निवांतपणा म्हणजे शिक्षा वाटते. तिचं काय करू?

याआधी असा धागा निघाला असेल तर लिंक द्या, हा उडवते.

---

खारा वारा

ख. डोळे मिटून.

पाचही ठिकाणी जहाज थेट धक्क्याला लागतं, आईंना टेंडरचा जाच नाही. शिवाय एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती घड्याळाची. सान हुआन आणि तुमच्या यादीतली पाचही बेटं एकाच वेळेवर चालतात, वर्षभर. 'क'मध्ये जूनमध्ये मायामीपेक्षा केमन आणि कोझुमेल एक तास मागे, रोआतान आणि बेलीझ दोन तास मागे. काही जहाजं आपलं घड्याळ बदलतात, काही बदलत नाहीत, आणि फोन मात्र किनाऱ्यावर पाय टाकला की आपणहून बदलतो. आरामखुर्चीत पडून 'अजून दोन तास आहेत' म्हणणाऱ्या माणसाचं जहाज तेवढ्यात निघालेलं असू शकतं. कुठल्याही मार्गाने जा, पण एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवा.

---

गलबत

खारा वारा यांच्याशी असहमत. पाच दिवस ओळीने पाच बंदरं म्हणजे पाच सकाळी 'उतरायचं का, काय घालायचं, किती वाजता' हा घोळ. 'क' घ्या आणि बेलीझला उतरूच नका. तिथे किनाऱ्यालगत पाणी उथळ आहे, जहाज बरंच लांब उभं राहतं, टेंडरचा प्रवास चांगलाच लांब पडतो, आणि ज्यासाठी लोक जातात त्या गुहा नि अवशेष तिथून पुढे तासाभरावर. सगळे गेले की जहाज रिकामं होतं. एरवी सकाळी सहाला टॉवेल टाकून अडवलेल्या खुर्च्या मोकळ्या, तरणतलावात आपण आणि दोन आजोबा. बंदराच्या दिवशी स्पामध्येही बऱ्याचदा सवलत असते. म्हणजे समुद्रातले दोन दिवस अधिक हा एक, झाले तीन.

---

डेक सात

दोघांचंही पटतं, पण मुद्दा बंदरांच्या संख्येचा नाहीच. मी सहल निवडताना एकच मोजते: किती वेळा वाहन बदलायचं? तुमच्या तुलूममध्ये जाऊन-येऊन मोजा: फेरी, बस, बस, फेरी. चारदा चढणं, चारदा उतरणं, आणि प्रत्येक ठिकाणी चाळीस माणसांची डोकी मोजून होईपर्यंत उभं राहणं. माणूस दमतो तो या उभं राहण्याने. माझा नियम: जाताना एक वाहन, येताना एक वाहन. त्याहून जास्त असेल तर जागा कितीही सुंदर असो, फोटोत बघते. आणि वर्णनात लिहिलेल्या तासांतून प्रवास वजा करून मगच ठरवा.

दुसरं, किनारा कुठल्या बाजूचा ते बघा. या भागात वारा वर्षभर पूर्वेकडून वाहतो. त्यामुळे बेटांच्या पूर्वेला लाटा आपटतात आणि पश्चिमेला पाणी पसरट भांड्यातल्यासारखं शांत. जुनी बंदरंही बहुतेक याच आडोशाला वसली आहेत, म्हणजे शांत किनारा धक्क्यापासून फार लांब नसतो. तुम्ही जूनमध्ये जाताय, तेव्हा सारगॅसमचाही हंगाम असतो. ते तपकिरी समुद्री शेवाळ २०११ पासून जवळपास दरवर्षी कमीअधिक लोटांनी येऊ लागलंय. किनाऱ्यावर साचून कुजलं की सडक्या अंड्यांसारखा वास मारतं. तेही मुख्यतः पूर्वेच्या अंगाला लागतं. जाहिरातीतल्या फोटोत हे दिसणार नाही, नकाशात दिसतं. सेंट किट्सचं उदाहरण घ्या. फ्रिगेट बे नावाचे तिथे दोन किनारे आहेत, मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. उत्तरेकडचा अटलांटिकचा, खवळलेला. दक्षिणेकडचा कॅरिबियनचा, शांत. टॅक्सीवाल्याला नुसतं 'फ्रिगेट बे' सांगाल तर फसाल.

आता 'ख' घेतलंत तर काय, ते माझ्या अनुभवावरून.

सेंट किट्सला आईंसाठी आगगाडी. खरंच! उसाच्या मळ्यांतून साखर कारखान्यापर्यंत ऊस नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घातलेला अरुंद रूळमार्ग आहे. साखरेचा धंदा २००५ मध्ये बंद पडला, रूळ पर्यटकांच्या वाट्याला आले. सुमारे १८ मैल गाडीने आणि १२ मैल बसने असा बेटाला वळसा, सगळे मिळून तीनेक तास. माझ्या नियमाला हा अपवाद, पण बदल एकदाच आणि सगळा वेळ बसूनच. डबे दुमजली आहेत: वर उघडा सज्जा, खाली वातानुकूलित खोली. वर जायला जिना आहे, आईंनी खालीच बसावं. गाडी इतकी हळू जाते की एका पुलावर खाली दरीत चरणाऱ्या बकऱ्या मी मोजल्या, अकरा होत्या.

सेंट लुशियाला जुळे पितों डोंगर बघायचेत ना? २००४ पासून जागतिक वारशात आहेत. रस्त्याने जाऊ नका. कास्त्रीपासून (जहाज लागतं ते शहर) डोंगरांजवळच्या सुफ्रिए गावापर्यंत तासाहून जास्त वेळ, आणि सगळी वळणंच वळणं. कॅटामरानने, म्हणजे जोड-सांगाड्याच्या बोटीने, जा. डोंगर समुद्रातून सरळ वर उठलेले आहेत, ते समुद्रातूनच जास्त चांगले दिसतात. बेटाच्या आडोशाने बोट जाते, त्यामुळे उसळी कमी. फक्त बुक करण्याआधी बोटीवर चढायला फळी आहे की शिडी, ते विचारून घ्या.

बार्बाडोसला कार्लाइल बे. टॅक्सीने थोडक्यात पोचता, छत्री-खुर्ची भाड्याने मिळते, पाण्यात कासवं. बाकी काही करू नका. अँटिग्वाला डिकन्सन बे, तीच गोष्ट. या दोन दिवसांबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही, आणि तुम्हाला तेच हवंय. बार्बाडोस मात्र बाकीच्या बेटांच्या रांगेपासून सुटून पूर्वेला आहे, त्यामुळे जाता-येतानाच्या रात्री जहाज थोडं डोलतं. केबिन मधली आणि खालच्या डेकवरची घ्या.

---

खारा वारा

लेकीबद्दल एक आगाऊ सूचना: बार्बाडोस, सेंट लुशिया, अँटिग्वा इथे लष्करी छापाचे कपडे सामान्य नागरिकांना घालता येत नाहीत. लहान मुलांनाही नाही. तेवढं बॅगेत बघून घ्या.

---

गलबत

माहोचं सांगतो, तिथे गेलोय. धक्का फिलिप्सबर्गला आहे, माहो विमानतळाच्या टोकाला. अंतर नकाशावर चिमुकलं, पण रस्ता जहाजांच्या दिवशी तुंबलेला. बंदरात तीन-चार जहाजं असतील तर जेवणानंतर निघूच नका, सकाळीच उरका. विमान *उतरताना* बघायची मजा आहे. *उडताना* कुंपणाशी उभं राहू नका. इंजिनाच्या झोताने माणसं फेकली जातात, २०१७ मध्ये एका पर्यटक महिलेचा त्यात जीव गेला. पाट्या लावल्यात, तरी लोक कुंपणाला लटकतात.

पण चौघांनी जायलाच हवं असं थोडंच आहे? नवरा आणि लेक माहोला. तुम्ही आणि आई धक्क्यावरून वॉटर टॅक्सीने ग्रेट बेला. पाच-दहा मिनिटांत पोचता, समोर शहराची फरसबंद पायवाट, मागे जहाज दिसतंय. कंटाळा आला की परत.

(हो, मी 'क'वाला असून 'ख'मध्ये मदत करतोय. नोंद घ्यावी.)

---

दुपारची झोप

सगळ्यांचे मनापासून आभार! डेक सात, तुमचा वाहनांचा नियम नवऱ्याला वाचून दाखवला. त्याने लगेच कागद घेऊन मागच्या क्रूझचे चढ-उतार मोजले, सव्वीस निघाले. आता तो 'ख'च्या बाजूला आहे, पण हे त्याला स्वतःलाच सुचलं असं म्हणतोय. असू दे.

सध्या ठरलंय ते असं: सेंट मार्टिनला गलबत म्हणाले तशी फूट पाडायची. अँटिग्वाला आई आणि मी जहाजावरच, रिकाम्या खुर्च्यांवर (ही 'क'मधली कल्पना आम्ही ढापली). सेंट लुशियाची कॅटामरान शिडी की फळी कळल्यावर. बार्बाडोसला कासवं. लेकीची एक लाडकी हिरवी-तपकिरी ठिपक्यांची पँट बॅगेतून काढली, त्यावरून आज घरात अबोला आहे.

आगगाडीचं ऐकून आई एकदम ताठ बसली. म्हणाली, "वर बसणार." जिना आहे म्हटलं तर म्हणे, "किती पायऱ्या?" आता हे मला माहीत नाही. कुणी त्या गाडीत बसलं असेल तर सांगाल का: जिना सरळ आहे की गोल, आणि धरायला कठडा दोन्ही बाजूंना आहे का?

---

डेक सात

लेकीला सांगा, अबोला बोटीवर धरू नकोस, केबिन लहान असते. जिन्याचे फोटो काढलेले आहेत, जुन्या फोनमध्ये असतील. रात्री शोधून टाकते.