मदत हवी आहे: एजंटने आईचा फ्लॅट मेहुण्याच्या नावावर स्वतःच घेतला, विसार झालाय

नमस्कार मंडळी,

डोंबिवली पूर्वेला आईचा वन बीएचके आहे, 1994 ची इमारत. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे नाशिकला असते, म्हणून विकायचं ठरवलं. चावी तिथल्याच एका एजंटकडे दिली, दलाली दोन टक्के, सगळं तोंडी. आम्ही 62 लाख सांगितले होते. दीड महिना "मार्केट थंड आहे ताई" एवढंच उत्तर. मग 54 ची पार्टी आणली. आई कंटाळली होती, हो म्हणाली. विसार पावतीवर सही झाली, 1 लाख खात्यात आले. अ‍ॅग्रीमेंटचं रजिस्ट्रेशन बाकी आहे.

गेल्या रविवारी सामान आवरायला गेले तर समोरच्या काकू म्हणाल्या, "अगं, ते शिक्षक नवरा-बायको 59 द्यायला तयार होते ना, त्यांचं काय झालं?" दोघं दोनदा येऊन गेले होते, दुसऱ्या खेपेला बाल्कनीची मापंही घेतली. आमच्या कानावर यातलं काहीच आलं नाही. त्यांना एजंटने सांगितलं, फ्लॅट गेला.

आईचं पासबुक भरून आणलं. तो 1 लाख पार्टीच्या नाही, एजंटच्याच फर्मच्या खात्यातून आलाय. पार्टी म्हणजे त्याचा सख्खा मेहुणा. फोनवर त्याने ते मान्यही केलं, वर म्हणाला, "तुम्हाला पैसे मिळतायत ना?" आई म्हणते, सही केली, आता जाऊ दे. मला नाही जाऊ द्यायचं. ती बाबांची चोवीस वर्षांच्या हप्त्यांची जागा आहे. महारेराकडे तक्रार करता येईल का? विसार मोडता येईल का?

प्रतिसाद

ताई, आधी एक करा: आईंना कशावरही सही करू देऊ नका.

महारेराचा इथे फार उपयोग नाही. रेरा कायद्याचं कलम 9 नोंदणीकृत प्रकल्पांतली विक्री करणाऱ्या एजंटांसाठी आहे, जुन्या इमारतीतला रीसेल त्यात बसत नाही. तुमचा आधार 1872 चा करार कायदा. एजंट तुमचा, मग तुमच्या माहितीशिवाय तोच खरेदीदार होऊ शकत नाही. कलम 215 नुसार त्याने महत्त्वाची गोष्ट लबाडीने लपवली असेल किंवा व्यवहार तुमच्या तोट्याचा असेल, तर तुम्ही तो नाकारू शकता. कलम 216 प्रमाणे त्याने परस्पर मिळवलेला फायदाही मागता येतो. आणि कामात गैरवर्तन केलं असेल तर त्या कामाची दलाली त्याला मिळत नाही, ते कलम 220. तोंडी ठरलं म्हणून एजंटची जबाबदारी संपत नाही.

खरी लढाई पुराव्याची आहे. नाव मेहुण्याचं असल्यामुळे पैसा एजंटचाच होता हे दाखवावं लागेल, म्हणून पासबुकातली ती ओळ सोन्यासारखी आहे. बँकेकडून शिक्का मारलेलं स्टेटमेंट घ्या. शिक्षकांना गाठून 59 कधी, कोणाला सांगितले ते लिहून घ्या. विसार रोख परत करू नका. वकिलाची नोटीस दोघांनाही जाऊ द्या. मेहुणा विसार पावतीवरून करार पूर्ण करून मागायला कोर्टात जाऊ शकतो, ती तयारी ठेवा. आणि आजच चावी परत घ्या.

धागाकर्ती

खूप आभार. काकूंकडून शिक्षकांचा नंबर मिळाला. बाई म्हणाल्या, एजंटला पाठवलेला 59 चा मेसेज फोनमध्ये अजून आहे, आणि त्यांना घर अजून मिळालेलं नाही. उद्या कुलूप बदलायला जातेय. कल्याण-डोंबिवलीत दिवाणी काम बघणारे वकील कोणी सुचवाल का?